बाई, यातून असंच सफरचंद येईल ना?



मुलांच्या प्रश्नाला आपण कधी कधी घाईत उत्तर देऊन मोकळे होतो. तास संपत आलेला असतो, खिचडीची वेळ झालेली असते, शाळेबाहेरची माहिती भरायची राहिलेली असते. मीही तेच केलं. त्या चुकीच्या उत्तराची ही गोष्ट आहे. थोडी लांब आहे, पण वाचा. तुमच्या गावातलं एखादं झाड तुम्हाला नक्की आठवेल.

आमची शाळा कोकणातली, पहिली ते चौथी, दोनशिक्षकी. २०२४ च्या जूनमध्ये शाळा नुकतीच सुरू झाली होती. चौथीतल्या एका मुलीचा वाढदिवस होता. तिचे बाबा मुंबईला असतात. येताना त्यांनी शाळेसाठी सफरचंदांची पेटी आणली. लालभडक, चकचकीत, सगळी एका मापाची. मुलांची नुसती चंगळ झाली! खाऊन झाल्यावर सगळ्यांनी बिया टाकून दिल्या. हिने मात्र आपल्या फळातल्या बिया कागदात बांधल्या. दुसऱ्या दिवशी पाण्याची बाटली अर्धी कापून त्यात माती भरली, बिया पेरल्या आणि मला विचारलं, "बाई, यातून असंच सफरचंद येईल ना?"

मी म्हटलं, "हो तर! जसं पेरावं तसं उगवतं."

किती छान वाटतं असं बोलायला. आणि किती चुकीचं होतं ते!

उत्तर चुकलं कुठे?

त्या रात्री सहज मोबाईलवर बघायला गेले, की सफरचंदाची बी रुजायला किती दिवस लागतात. पहिलीच गोष्ट कळली ती अशी, की आमच्या हवेत ती बी बहुधा रुजणारच नाही. सफरचंदाच्या बीला आधी दीड-दोन महिने तरी ओलसर थंडी लागते. बर्फाच्या प्रदेशातलं झाड ते. हिवाळा गेला याची खात्री पटल्याशिवाय बी डोळे उघडत नाही. जूनमधल्या कोकणात तिला ती थंडी कुठून मिळणार?

दुसरी गोष्ट त्याहून मोठी होती. समजा बी रुजली, झाड वाढलं, फळ धरलं, तरी ते फळ 'असंच' नसतं. सफरचंदाच्या फुलाला सहसा दुसऱ्या जातीच्या झाडाचा पराग लागतो. फळाचा गर आईच्या झाडासारखा असतो, पण आतल्या प्रत्येक बीमध्ये आई आणि बाप दोघांचंही मिश्रण असतं, आणि प्रत्येक बीत ते वेगळं. एका फळात सात बिया असतील, तर ती सात वेगळी भावंडं. कुणाचं फळ आंबट, कुणाचं तुरट, कुणाचं बोराएवढं. क्वचित एखादं आईपेक्षा सरस. पण आईसारखं हुबेहूब? तसं होत नाही.

मग बाजारातली सफरचंदं एकासारखी एक कशी? कारण ती सगळी एकाच झाडाच्या फांद्यांपासून वाढलेली असतात. म्हणजे कलमं. मूळ झाडाची काडी दुसऱ्या रोपावर बांधायची, त्या झाडाची काडी तिसऱ्यावर, अशी शेकडो वर्षं. जुन्या जातीचं सफरचंद आज खायला मिळतं याचा अर्थ एकच. प्रत्येक पिढीत कुणीतरी, झाड मरायच्या आत, त्याची काडी कापून दुसरीकडे बांधली. एका पिढीने कंटाळा केला की ती जात संपली. बिया पोतंभर असल्या तरी काही उपयोग नाही.

हे वाचून मी मोबाईल बाजूला ठेवला आणि बराच वेळ जागी राहिले. कारण मला सफरचंद आठवत नव्हतं. मला आमच्या आजीचा 'खोबऱ्या' आठवत होता.

खोबऱ्या

माझं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं. घरामागे एक जुना रायवळ आंबा होता. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, रायवळ म्हणजे बाठ्यापासून आपसूक वाढलेला गावठी आंबा. हापूसला आम्ही 'कलम' म्हणतो आणि या झाडांना नुसतं 'झाड' म्हणतो. प्रत्येक रायवळाची चव वेगळी, म्हणून प्रत्येकाला नाव वेगळं. साखऱ्या, शेंदऱ्या, बिटकी, शेपूसारखा वास येणारा शेप्या. आमचा तो खोबऱ्या. पिकला तरी दाताखाली ओल्या खोबऱ्यासारखा लागायचा. आजी त्याचं कोयाडं करायची, साठं घालायची. कच्च्या कैऱ्यांची आंबोशी तर वर्षभर पुरायची.

२००६ साली मी बारावी झाले आणि डी.एड.ला नंबर लागला. घरात पैसे नव्हते. वडिलांनी खोबऱ्या लाकूडवाल्याला विकला. माझ्या पहिल्या वर्षाची फी आणि वसतिगृहाचा खर्च त्यात भागला. झाड तोडलं त्या दिवशी मी घरी नव्हते, मुद्दाम मामाकडे गेले होते. मनाची समजूत एवढीच, की त्या वर्षीचे तीन बाठे मी आणि आजीने मिळून परसात लावले होते. मी आजीला म्हटलं होतं, "बघ, तुझा खोबऱ्या परत येईल."

तीनपैकी एक रोप जगलं. आठ-नऊ वर्षांनी त्याला पहिले आंबे लागले. मी तेव्हा नोकरीला लागले होते, मुद्दाम सुट्टी काढून गेले. आंबा होता रेषाळ, रसाला पातळ, जरा आंबटच. आजीने एक पूर्ण खाल्ला. बाठा चोखून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "चांगला आहे गो. पण हा तो नव्हे."

तेव्हा मला वाटलं, माती बदलली असेल, खत कमी पडलं असेल. आजी गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्या जूनच्या रात्री मला पहिल्यांदा कळलं, की खत कमी पडलं नव्हतं. तो 'तो' असणं शक्यच नव्हतं. आपल्याकडच्या बहुतेक आंब्यांचंही सफरचंदासारखंच आहे. काही मोजक्या जातींच्या एका कोयीतून अनेक रोपं फुटतात आणि त्यातली बरीच आईसारखी निघतात. पण आपला हापूस तसा नाही, आणि खोबऱ्याही तसा नव्हता.

सगळ्यात लागलं ते वेगळंच. आमच्या वाडीत तेव्हा कलमं बांधणारी दोन माणसं होती. दर पावसाळ्यात हापूसची शेकडो कलमं बांधायची. झाड तोडायच्या आधी खोबऱ्याच्या चार काड्या त्यांच्या हातात दिल्या असत्या, तर तो आज जिवंत असता. पैसेही मिळाले असते आणि झाडही राहिलं असतं. कुणाला सुचलंच नाही. 'कलम' हा शब्द रोज तोंडात असलेल्या घरात हे सुचलं नाही, कारण कलम हापूसचं करायचं असतं आणि रायवळ आपोआप येतो, असंच आम्ही धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशीचा तास

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं, "काल मी एका प्रश्नाचं उत्तर चुकीचं दिलं." वर्ग एकदम शांत! बाई चुकल्या म्हटल्यावर मुलं फार लक्ष देऊन ऐकतात, हा अनुभव तुम्हालाही असेल. त्यांना मी एका मुलीची गोष्ट सांगितली.

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमशायर परगण्यात साउथवेल नावाचं लहान गाव आहे. तिथे १८०९ साली मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या लहान मुलीने सफरचंदाच्या बिया पेरल्या. एक रोप जगलं, बागेत वाढलं. पुढे ते घर ब्रॅम्ली नावाच्या खाटकाने विकत घेतलं. १८५६ मध्ये हेन्री मेरीवेदर नावाच्या, रोपवाटिकेच्या धंद्यातल्या तरुणाने या झाडाची फळं पाहिली आणि काड्या मागितल्या. ब्रॅम्ली म्हणाला, ने, पण सफरचंदाला नाव माझं दे! म्हणून ते 'ब्रॅम्ली' झालं. फळ मोठं, हिरवट आणि आंबट, शिजवून खायचं. इंग्लंडच्या घराघरात आजही ते वापरतात. मूळ झाड १९०० साली वादळात पडलं, पडल्या जागी पुन्हा फुटलं, आणि पुढे त्याला बुरशीचा रोग लागला. पण जात अजून टिकली आहे, कारण तिच्या काड्या केव्हाच दुसरीकडे गेल्या होत्या. आणि मेरी ॲन? आपण पेरलेल्या बीचं पुढे काय झालं हे तिला कळलंच नाही.

"म्हणजे बाई, तिच्या बीतून नवीनच सफरचंद आलं?" एकाने विचारलं.

हो. नवीन हवं असेल तर बी, तेच हवं असेल तर फांदी. फळ्यावर मी एवढंच वाक्य लिहिलं.

न्यूटनचं झाडही याच रांगेतलं. आपण मुलांना सफरचंद पडल्याची गोष्ट सांगतो, पण ते सफरचंद कुठल्या जातीचं होतं हे सांगत नाही. त्या जातीचं नाव 'फ्लॉवर ऑफ केंट'. वूल्सथॉर्पला न्यूटनच्या घरापाशी ते जुनं झाड आहे. तेही वादळात आडवं झालं आणि पुन्हा रुजलं. त्याची कलमं जगभर गेली. पुण्याच्या आयुकातही त्या वंशाचं झाड लावलं होतं. केंब्रिजच्या वनस्पती उद्यानात १९५४ साली लावलेलं असंच एक झाड फेब्रुवारी २०२२ च्या वादळात कोसळलं. पण तिथल्या लोकांनी आधीच त्याच्या काड्या बांधून ठेवल्या होत्या. रडत बसायची वेळ आली नाही.

आपल्या देशातही हेच चित्र आहे. १९१६ च्या सुमारास सॅम्युअल स्टोक्स यांनी हिमाचलमधल्या कोटगढला अमेरिकेतून डेलिशियस जातीची कलमं आणली आणि तिथल्या शेतकऱ्यांचं नशीब पालटलं. पण सगळीकडे डेलिशियस पसरल्यावर काश्मीरची स्वतःची जुनी, सुवासिक, महिनोन्‌महिने टिकणारी 'अंबरी' मागे पडत गेली. हापूस आणि रायवळासारखंच झालं हे. हापूसने कोकणाला पैसा दिला, त्याच्याविरुद्ध माझी काहीच तक्रार नाही. पण एकच जात सगळीकडे लावली, तर एकच रोग सगळ्यांना घेऊन जाऊ शकतो, हे चौथीच्या मुलालाही समजतं.

तेवढ्यात ती बियावाली मुलगी उभी राहिली. "बाई, पांदीतल्या बिटकीवर नंबर टाकलाय. तिची फांदी आणू या?"

पांदीतली बिटकी

आमच्या शाळेच्या वाटेवर, पांदीच्या तोंडाशी एक बिटकी होती. लहान लहान आंबे, दोन घासांत संपणारे, पण मधासारखे. शाळेतून घरी जाताना दगड मारून पाडायचे, हा गावातल्या तीन पिढ्यांचा कार्यक्रम. रस्ता रुंद होणार म्हणून तिच्या बुंध्यावर लाल रंगात आकडा लिहून गेले होते. रस्ता गावाला हवाच होता. पावसाळ्यात गरोदर बाईला दवाखान्यात न्यायचं तर डोली करावी लागायची. त्यामुळे झाड वाचवा म्हणून भांडण्यात अर्थ नव्हता. पण काडी तर घेता येत होती!

गावातले एक काका आयुष्यभर कलमं बांधत आलेत. त्यांना शाळेत बोलावलं. ते हसले. "बाई, बिटकीचं कलम कोण बांधतं? विकणार कुणाला?" मी म्हटलं, "काका, विकायचं नाही, राखायचं आहे." मग आले.

पद्धत आपल्या कोकणातली नेहमीची, कोय कलमाची. मुलांनी घरोघरचे ताजे रायवळ बाठे गोळा केले आणि शाळेमागे वाफ्यात पेरले. पंधरा-वीस दिवसांत तांबूस कोवळी रोपं वर आली. तोवर काकांनी बिटकीवरच्या तीन-चार महिन्यांच्या, पेन्सिलीएवढ्या काड्या हेरून त्यांची पानं छाटली होती. देठ तेवढे ठेवले. आठ-दहा दिवसांत देठ हात लावताच गळायला लागले आणि टोकाचा डोळा फुगला, की काडी तयार.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात शाळेच्या पडवीत आमची कार्यशाळा भरली. रोप वरून कापायचं, मधोमध दोन बोटं खोल चीर द्यायची. काडीचं खालचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचरीसारखं करायचं, चिरेत बसवायचं, प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचं आणि रोप पिशवीत लावायचं. वरून पातळ पिशवीची टोपी. सुरी फक्त काकांच्या हातात. पट्टी गुंडाळणं, माती भरणं, पिशवीवर तारीख लिहिणं मुलांकडे. काका मुलांना सांगत होते, "सालीला साल भिडली पाहिजे. हवा राहिली की मेलं." मी इतकी वर्षं विज्ञान शिकवते, पण वनस्पतीची जखम कशी भरते हे मला त्या दिवशी नीट दिसलं.

एकवीस कलमं बांधली. सहा तर आठवड्याभरातच काळी पडली. दोन एका बकरीने खाल्ली. काही नुसतीच हिरवी राहिली आणि मग सुकली. मुलं हिरमुसली. शेवटी आठ जगली. काका म्हणाले, "नवख्या हातांना आठ म्हणजे लय झालं."

जानेवारी २०२५ मध्ये बिटकी तोडली. मुलांना घेऊन मी तिथे गेले. यावेळी मामाकडे पळून गेले नाही. मोठी मुलं खोडावरची वर्तुळं मोजायला लागली, साठापर्यंत मोजून गोंधळली. ती मुलगी बाजूला गप्प उभी होती. मग म्हणाली, "बाई, आपली आठ आहेत ना."

त्या पावसाळ्यात आठही कलमं लावली. दोन शाळेच्या आवारात, एक देवळामागे, बाकीची मुलांच्या परसात. सगळी एकाच ठिकाणी लावायची नाहीत, हे केंब्रिजच्या गोष्टीतून मुलांनीच काढलं. फळ यायला चार-पाच वर्षं लागतील. तोवर ही मुलं हायस्कूलला असतील.

तुमच्या शाळेत काय करता येईल?

शिक्षकमित्रांनो, कोकणच हवं असं काही नाही. सुरुवात एवढ्याने करा:

१. मुलांना गावातल्या जुन्या फळझाडांची यादी करायला सांगा. आंबा, जांभूळ, फणस, चिंच, बोर, काहीही. झाडाचं गावातलं नाव, मालक, चव, कशासाठी वापरतात, एवढं वहीत लिहू द्या. आजी-आजोबांना विचारल्याशिवाय हा तक्ता भरत नाही, हाच त्यातला खरा फायदा.

२. ज्या झाडावर संकट आहे त्याच्यावर खूण करा. रस्ता, नवीन बांधकाम, वाळवी, विक्री.

३. गावातला कलमं बांधणारा माणूस शोधा. नसेल तर जवळच्या रोपवाटिकेत किंवा कृषी विद्यापीठात विचारा. दर झाडाची निदान चार-पाच कलमं करा आणि ती वेगवेगळ्या जागी लावा.

४. जी कलमं मेली त्यांचीही नोंद ठेवा. एकवीसमधून आठ, हे आमच्या वर्गाचं त्या वर्षीचं सगळ्यात चांगलं गणित होतं.

मलिहाबादच्या कलीमुल्ला खान यांचं नाव मुलांना जरूर सांगा. सातवीनंतर त्यांची शाळा सुटली, आणि त्यांनी एका आंब्याच्या झाडावर तीनशेच्या वर जातींची कलमं बांधली. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

शेवटी पालकांसाठी

पालकहो, एक गोष्ट तुमच्याशीही बोलायची आहे. पालकसभेत मला नेहमी ऐकू येतं, "ताईसारखा हुशार नाही हो हा," "मी गणितात पहिला असायचो, हिला पाढेसुद्धा येत नाहीत." तेव्हा आता मला फळ्यावरचं ते वाक्य आठवतं. मूल हे कलम नव्हे, ते बी आहे. ते तुमच्यासारखं हुबेहूब निघणार नाही. नवीनच निघेल. आजीने त्या रेषाळ आंब्याला आधी 'चांगला आहे' म्हटलं होतं. मला मात्र इतकी वर्षं तिचं दुसरंच वाक्य लक्षात राहिलं होतं.

त्या झाडाचे आंबे आम्ही कधी नीट वापरलेच नव्हते. गेल्या मे महिन्यात माहेरी गेले तेव्हा त्याच्या कैऱ्यांचं लोणचं घातलं. लोणच्याला एक नंबर आहे तो. त्याला अजून नाव नाही. पण येत्या पावसाळ्यात त्याच्याही चार काड्या बांधून घेणार आहे.

सफरचंदाच्या बियांचं काय झालं? एकही रुजली नाही. ती मुलगी आता दुसऱ्या गावच्या शाळेत पाचवीत जाते. परवा वाटेत भेटली. बियांचं नावही काढलं नाही. लांबूनच ओरडली, "बाई, आमच्या बिटकीला नवी पालवी आलीय!"

तुमच्या गावात असं एखादं झाड असेल, तर या पावसाळ्यात त्याची काडी नक्की बांधून घ्या.